मी मोडलेली हाडे

मित्रांनो, कार्यशाळेच्या दाराशेजारी लाल पट्ट्याच्या चौकटीत एक पिवळा दांडा टांगलेला आहे. माणसापेक्षा लांब, आणि टोकाला माणसाची कंबर मावेल एवढा वाक. तो मी. माझे नाव आकडा. आकडा म्हटले की लोकांना तारेवर टाकायचा वीजचोरीचा आकडा आठवतो आणि ते दात काढतात. मी त्या घराण्यातला नव्हे. तो फुकटची वीज ओढतो, मी विजेच्या तावडीतून माणूस ओढतो.

माझे काम सभ्य नाही, हे आधीच सांगून टाकतो. वीज माणसाला धरून बसली की त्याची मूठ आवळते. सोडायचे म्हटले तरी ती त्याची त्याला सोडता येत नाही. त्याला वाचवायला जो हात लावतो तोही चिकटतो. अशा वेळी माझा वाक त्या माणसाच्या कमरेत किंवा काखेत अडकवून त्याला मागे खेचायचे असते. हळुवारपणे खेचून भागत नाही. पाय रोवायचे आणि एका हिसक्यात ओढायचे. त्यात कातडे सोलते, हाड मोडते, डोके फरशीवर आपटते. आजवर मी चार माणसे अशी ओढली. चौघेही जगले. आभार मात्र एकानेही मानलेले नाहीत.

माझा जन्मही मारझोडीतच झाला. काचेचे बारीक धागे चिकट राळेत बुडवून त्यांना पीळ देत देत मला घडवले आणि भट्टीत भाजले. मग माझी परीक्षा झाली. माझ्या अंगावर प्रचंड दाबाची वीज सोडली. माझ्या शेजारचे तीन दांडे फटकन फुटले आणि धूर सोडत काळे पडले. त्यांना उचलून ढिगात फेकले. मी तग धरला, तेव्हा दोन दांडगे कामगार माझ्या वाकाला लोंबकळले आणि तोंडातला पानतंबाखू सांभाळत मला हिसके देऊ लागले. मी मोडलो नाही. एकाने माझ्या पाठीवर शिक्का हाणला आणि म्हणाला, "जा, कुणाची तरी हाडं मोड."

मी एका वीजकेंद्रात लागलो आणि दुसऱ्याच वर्षी ते काम करून दाखवले. एक तरुण वायरमन वीज वाहणाऱ्या उघड्या पट्टीला चिकटला. त्याच्या जोडीदाराने मला त्याच्या खांद्यात अडकवले आणि असे खेचले की खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. दोन बोटे विजेने आधीच जाळली होती, ती काही वाचली नाहीत. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिली शिवी मला हासडली. पुढे दोघांना मी असेच ओढले. एकाचा गुडघा गेला, दुसऱ्याचे दात.

तो वायरमन बरा झाला, पण त्याचा खांदा पुन्हा पुरता वर उचलला गेला नाही. खांबावर चढणे बंद झाले म्हणून तो एका तंत्रशाळेत शिकवू लागला आणि सगळ्यांचा मास्तर झाला. वीजकेंद्रात नवे आकडे आले तेव्हा मास्तर स्वतः येऊन मला मागून घेऊन गेले. "तो जुनाट का असेना, आमचीच जुनी ओळख आहे," असे ते केंद्राच्या साहेबांना म्हणाले. मला फार बरे वाटले.

पण तंत्रशाळेत माझी दैना झाली. तिथे तेव्हा पंखे आणि पाण्याचे पंप एवढेच शिकवत. माझ्याजोगे काम नव्हते. मास्तर वरच्या मजल्यावर शिकवायचे आणि मी खाली शिपायाच्या हाती लागलो. त्याने मला दाराचे लोखंडी शटर ओढायला जुंपले. सकाळ-संध्याकाळ शटरची धार माझ्या वाकाला चावायची. रंग उडाला, आतले धागे दिसू लागले. एकदा दोन मुलांनी माझ्यावरून झोंबाझोंबी केली. एकाने मला दुसऱ्याच्या तोंडावर हाणले आणि त्याचा ओठ फाटला. मी माणसे वाचवण्यासाठी जन्मलो आणि पोरांची तोंडे फोडू लागलो, याची मला लाज वाटे.

नवा अभ्यासक्रम आला, इलेक्ट्रिक गाड्यांचा. मास्तर खाली कार्यशाळेत आले आणि त्यांनी मला शटरला लटकलेले पाहिले. त्यांनी शिपायाची गचांडीच धरली. "अरे, या भेगेत ओल शिरली की हा वीज वाहायला लागतो! चिकटलेला मरेल आणि ओढणाराही मरेल! एका दांड्यानं दोन मुडदे पाडशील तू!" त्यांनी मला घासून घेतले, वाळवले, वर चकचकीत थर चढवला आणि पुन्हा परीक्षेला पाठवले. मी दुसऱ्यांदा विजेचा मार खाल्ला आणि दुसऱ्यांदा पास झालो.

अभ्यासक्रम आला खरा, पण तंत्रशाळेकडे इलेक्ट्रिक गाडी नव्हती. खिरीला भांडे आहे आणि खीर नाही, अशी गत. मास्तरांनी मग युक्ती काढली. दर शनिवारी गावातला एखादा गाडीमालक आपली गाडी घेऊन यायचा. तो आधी मुलांशी बोलायचा आणि मग त्याच्या देखत गाडी उघडून बघायची. मालक पुस्तकात नसलेले सांगत. सामानाची तीनचाकी चालवणारा म्हणाला, "गाडीला आवाज नाही, त्यामुळं म्हशी बाजूला होत नाहीत. मीच तोंडानं भुर्र करतो." दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की चढावर गाडी किती बॅटरी खाते हे त्यांना आता पोटातूनच कळते. पार्सल पोचवणाऱ्या एका मुलीने ब्रेकऐवजी नुसता पाय सैल सोडून उतारावर बॅटरी कशी भरायची ते दाखवले. मुले आ वासून ऐकायची.

मास्तरांचे काही नियम होते. मालकाने गाडीतला नारिंगी प्लग उपटायचा. हा प्लग काढला की बॅटरीची वाट तुटते. मग दहा मिनिटे थांबायचे, मीटर लावून वीज मेली आहे हे पाहायचे आणि रबरी हातमोजे घालून मगच आत हात घालायचा. आणि कामकऱ्याच्या पाठीमागे एकाने मला घेऊन उभे राहायचे. त्याने गोष्टी ऐकायच्या नाहीत, गाडी पाहायची नाही आणि तोंड उघडायचे नाही. त्याने फक्त कामकऱ्याच्या हातांवर नजर ठेवायची.

हे कुणालाच जमेना. तीनचाकीवाल्याच्या म्हशी आल्या की माझा धनी खो-खो हसायचा आणि मी जमिनीला टेकायचो. जमले ते फक्त काडीला. काडी म्हणजे वर्गातली सर्वांत हडकुळी मुलगी. पोरे तिला काडीपैलवान म्हणून चिडवत. पण तिने मला एकदा हातात घेतले की तिची नजर समोरच्याच्या हातांवरून हलत नसे. बोट जरा वाकडे झाले तरी तिला आधी कळे. सरावाला मास्तर एकेकाला गादीसमोर उभे करून मागून ओढायला लावत. काडीने वर्गातल्या सर्वांत जाड मुलाला असे खेचले की तो गादी सोडून फरशीवर आपटला आणि त्याची जीभ दाताखाली आली. रक्त थुंकत तो म्हणाला, "हिच्या अंगात भूत आहे!" मास्तरांनी शाबासकी दिली. "ही नजर शिकवून येत नाही," ते म्हणाले.

मित्रांनो, मास्तरांना माहीत नव्हते, पण मला माहीत होते. तिचे तळवे माझ्या अंगावर असत, आणि तळहातांना खोटे बोलता येत नाही. वर्गात कुणी सहज डोके खाजवायला हात उचलला तरी तिची पकड आवळायची. एकदा ती एकटीच मला पुसत होती आणि बाही वर सरकली. दंडावर चार बोटांचे निळे वळ होते. तिच्या घरी एक हात होता आणि तो कधी उठेल याचा नेम नव्हता. लहानपणापासून ती त्या हाताकडे बघत आली होती. ती नजर तिथे तयार झाली होती.

तो हात तिच्या वडिलांचा. ते शाळेची व्हॅन चालवत आणि वर्गातली निम्मी मुले लहानपणी त्यांच्याच व्हॅनमधून शाळेत गेली होती. मुलांना ते व्हॅनकाका म्हणून ठाऊक होते, हसरे, गोळ्या वाटणारे. बाहेर उजेड आणि घरात अंधार अशातली गोष्ट. त्यांनी आपली जुनी डिझेलची व्हॅन स्वतःच्या हाताने इलेक्ट्रिक केली होती. मुले मास्तरांच्या मागेच लागली, "सर, व्हॅनकाकांना बोलवा ना!" काडी मला पुसत राहिली. मास्तरांनी निरोप पाठवला.

त्या शनिवारी व्हॅन आली. तिला पाहून मला कौतुक वाटले, खोटे कशाला बोलू? तुटलेल्या गाड्यांमधून बॅटऱ्या जमवून, एकेक पट्टी हाताने जोडून त्यांनी ती बांधली होती. काका तासभर बोलले आणि फार छान बोलले. बॅटरी उन्हात का ठेवायची नाही, ती पार रिकामी का होऊ द्यायची नाही, वायरीचा स्क्रू सैल राहिला तर ती कशी जळते, हे मुलांना त्या दिवशी जन्मभरासाठी समजले. मग त्यांनी मागचे दार उघडले, नारिंगी प्लग उपटला आणि तो हवेत उडवून झेलला.

"झालं! प्लग काढला की गाडी मेली. आता हिच्यात लहान पोर निजवा."

काडी मला धरून त्यांच्या मागे उभी होती. तिने तोंड उघडले. "बाबा, ती मागची पेटी..."

"ए, तू गप," काका मागे न बघता म्हणाले. त्यांचा हात कमरेपासून जरासा वर आला आणि थांबला. वर्गाला तो दिसलाही नसेल. काडीला दिसला.

मास्तरही म्हणाले, "काडी, आकडेवाल्यानं बोलायचं नसतं." मग ते काकांकडे वळले. "काका, दहा मिनिटं थांबू. मीटर लावू. हे मोजे घाला."

"मास्तर, ही गाडी मी बांधलीय. तुम्ही मला शिकवता? हिची नस न नस मला माहीत आहे."

"माहीत असेल हो, पण नियम..."

"नियम विकत घेतलेल्या गाड्यांना!"

आणि काकांनी पाना घेऊन उघडे हात आत घातले. आता मागच्या पेटीचे ऐका. तीन दिवसांपूर्वी त्यांनी जास्त लांब पल्ला मिळावा म्हणून मागच्या सीटखाली बॅटऱ्यांची आणखी एक पेटी बसवली होती आणि तिच्या वायरी प्लगच्या पलीकडे जोडल्या होत्या. प्लग काढला की पहिली पेटी मरायची, दुसरी जिवंतच राहायची. बसवताना टॉर्चचा उजेड काडीनेच धरला होता. मास्तर हसतील म्हणून काकांनी ही गोष्ट लपवली, आणि बोलण्याच्या भरात स्वतःही विसरले. उजव्या हातातला पाना एका टोकाला टेकला, डावा तळवा दुसऱ्या टोकावर पडला.

ओरडले नाहीत ते. चिकटलेला माणूस ओरडत नाही. घशातून घरघर आली, मान मागे ताठली आणि दोन्ही हातांच्या मुठी वळल्या. पेटीच्या तोंडाशी निळसर ठिणगी तडतडली आणि जळक्या कातड्याचा वास आला.

मित्रांनो, मी तुमच्यापासून लपवणार नाही. काडीने लगेच ओढले नाही. वडिलांच्या मुठी वळलेल्या पाहिल्या आणि तिच्या अंगाने जन्मभर केले तेच केले. तिचा एक हात माझ्यावरून सुटला, कोपर डोक्यावर गेले आणि ती खाली वाकली. मार चुकवायला. तीन क्षण गेले. मी अर्धा जमिनीवर होतो आणि माझा काही उपयोग नव्हता. एवढा असहाय मी शटरला लटकतानाही नव्हतो.

"काडी! ओढ!" मास्तर किंचाळले.

तिने कोपर खाली घेतले. मला उचलून वडिलांच्या कमरेत घातले, पाय रोवले आणि खेचले. तो हिसका मी विसरणार नाही. भट्टीतून निघाल्यापासून मला कुणी असे ओढलेले नाही. त्यात नुसती वाचवण्याची धडपड नव्हती, वर्षानुवर्षांचा रागही होता. कड्कन बरगडी मोडली. काका पेटीपासून सुटून मागे उडाले आणि डोके फरशीवर आदळले. कपाळ फुटून रक्त कानाकडे वाहू लागले. तळव्यांची सालटे पेटीलाच राहिली होती.

आणि काका श्वास घेत नव्हते.

मास्तर गुडघ्यांवर बसले, पण त्यांचा खांदा मीच मोडलेला. त्यांना छाती दाबायला जोर येईना. "काडी, इकडे ये! दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेव आणि दाब. जोरात! आणखी जोरात! मोडलं तर मोडू दे!"

काडीने त्या माणसाच्या छातीवर हात टाकले. दाबताना ती रडत होती आणि मोजत होती. बाराव्या दाबाला दुसरी बरगडी मोडली आणि तिचे हात जागच्या जागी थिजले.

"थांबू नकोस!" मास्तर म्हणाले. तिने पुन्हा सुरुवात केली. तिसरी मोडली तेव्हा ती थांबली नाही. जाड मुलगा दवाखान्याला फोन लावत होता आणि त्याच्या हातातून फोन दोनदा पडला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग काकांना उबळ आली, तोंडातून रक्ताळ फेस आला आणि त्यांनी श्वास ओढला. काडी त्यांच्यापासून सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. तिच्या हातांना वडिलांचे रक्त लागले होते, आणि ती स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली.

काका महिनाभर दवाखान्यात होते. त्या महिन्यात काडीच्या आईने दोन पिशव्या भरल्या आणि मायलेकी मावशीकडे राहायला गेल्या. काडीकडून मास्तरांना आता सगळे कळले होते. मावशीच्या घरापर्यंत सोडायला तेच गेले. परत आल्यावर त्यांनी फळ्यावरचा जुना नियम पुसला आणि वर्गाला म्हणाले, "आकडेवाल्यानं बोलायचं नाही, हा नियम माझा होता. तो चूक होता. त्या दिवशी ती बोलत होती आणि तिला गप्प करण्यात मीही होतो. यापुढं आकडेवाला बोलला की बाकीच्यांनी थांबायचं. मग समोर कुणी का असेना."

दोन महिन्यांनी, अशाच एका शनिवारी, काका आले. छातीला पट्टा, तळव्यांवर गुलाबी नवे कातडे. मुलांना घडलेला प्रकार सांगावा म्हणून मास्तरांनीच, काडीला विचारून, बोलावले होते. काडी मला घेऊन आपल्या जागी उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिले नाही.

"प्लग काढला होता, सगळं बरोबर केलं होतं," काका म्हणाले. "पण नशीब फुटकं, त्याला कोण काय करणार? आणि वर या पोरीनं तीन बरगड्या मोडल्या, ते वेगळंच!" ते हसले. एकदोन मुलेही हसली.

माझ्यावरची पकड आवळली. मला वाटले, आता कोपर वर जाणार.

"नशीब नव्हतं, बाबा," काडी म्हणाली. "मागची पेटी होती. मी सांगत होते आणि तुम्ही मला गप्प केलंत."

काकांचे कान लाल झाले. ते दोन पावले पुढे आले आणि त्यांचा उजवा हात उठला, नेहमीसारखा, पुरता खांद्यापर्यंत.

काडी वाकली नाही. तिने त्या हाताकडे बघितले, जसे ती कामकऱ्याच्या हाताकडे बघते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "हात खाली घ्या, बाबा."

मास्तर पुढे आले होते. जाड मुलगाही उठला होता. त्याच्यामागे एकेक करत सगळा वर्ग उभा राहिला. आकडेवाली बोलली होती. काकांनी आजूबाजूला पाहिले. ज्यांना त्यांनी गोळ्या वाटल्या होत्या ती सगळी मुले त्या हाताकडे बघत होती. हात खाली आला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, शेवटी त्यांनी तो खिशात घातला.

"मागं पेटी होती," ते फरशीकडे बघत म्हणाले. "मी सांगितलं नाही." मग ते निघून गेले. ते सुधारले की नाही, मला ठाऊक नाही. मी भिंतीवर असतो, मला घरातले दिसत नाही. काडी मात्र अजून मावशीकडेच राहते, आणि कुणी डोके खाजवायला हात उचलला तर तिची पकड आता आवळत नाही.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे मागणे थोडे आहे. मला कोरड्या फडक्याने पुसत जा, माझी भेग वेळेवर बघा, माझ्याने शटर ओढू नका आणि एकमेकांची तोंडे फोडू नका. आणि एक लक्षात ठेवा. चिकटलेल्या माणसाला स्वतःहून सुटता येत नाही. जो मारतो त्यालाही नाही आणि जो मार खातो त्यालाही नाही. तुमच्या घरात असा हात उठत असेल तर तो तुमचा दोष नाही, पण गप्प बसू नका. मास्तरांना सांगा, मावशीला सांगा, शेजारच्या काकूंना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. ओढणारा बाहेरचाच लागतो. ओढताना दुखेल, कदाचित काही मोडेलही. मोडलेली हाडे जुळतात, हे मी स्वतः पाहिले आहे.